वैज्ञानिक कोडसाठी स्फिंक्स: डॉक्युमेंटेशन आपोआप तयार करण्याची मांडणी, रिकाम्या फोल्डरपासून

संशोधनातला बराचसा कोड वारशानं मिळतो. आधीचा विद्यार्थी प्रबंध सादर करून निघून जातो, त्याचं फोल्डर आपल्याकडे येतं आणि आत 'फायनल', 'फायनल-२' आणि 'फायनल-खरंच' अशा तीन फाईल सापडतात. मलाही असंच एक फोल्डर मिळालं होतं. त्यात हवेच्या तापमानावरून संपृक्त बाष्पदाब काढणारं एक छोटं फंक्शन होतं. मी तापमान केल्विनमध्ये दिलं: ३०३.१५. फंक्शननं जराही कुरकुर न करता उत्तर दिलं, सुमारे १,१०,००० हेक्टोपास्कल. समुद्रसपाटीवर अख्ख्या वातावरणाचा दाब १०१३ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो! आकडा इतका अचाट होता म्हणून चूक दिसली. थोडाच चुकला असता तर तो सरळ आलेखात गेला असता. कोड बरोबरच होता. 'तापमान सेल्सिअसमध्ये द्या' एवढी एक ओळ कुठं लिहिलेली नव्हती.

अशा ओळी कोडमध्येच लिहिल्या की त्यांवरून वाचण्याजोगी पानं आपोआप बनवणारं साधन म्हणजे स्फिंक्स. ते कसं मांडायचं हे दाखवायला तेच फंक्शन या लेखात उदाहरण म्हणून घेतो. ते ज्या पॅकेजमध्ये आहे त्याचं नाव 'बाष्प' ठेवू, फाईलचं नाव 'दाब डॉट पाय' आणि फंक्शनचं 'ईसॅट'. एक सूचना आधीच देतो: कमांड, फाईलची नावं आणि सेटिंग्ज इथं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलवर ती अर्थातच रोमन लिपीत टंकायची.

स्फिंक्सच का?

कोडमधल्या टिपांवरून डॉक्युमेंटेशन बनवणारी साधनं भाषेनुसार बदलतात. सी प्लस प्लससाठी डॉक्सिजन आहे, १९९७ पासून चालत आलेलं आणि अजूनही दणकट. फोरट्रानसाठी फोर्ड नावाचं साधन आहे, ज्युलियाचं डॉक्युमेंटर, आरचं रॉक्सिजन-२. पायथनसाठी मी डोळे झाकून स्फिंक्स सांगतो. गेऑर्ग ब्रांडल यांनी ते पायथनच्या स्वतःच्या डॉक्युमेंटेशनसाठी लिहिलं आणि २००८ मध्ये प्रसिद्ध केलं. नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब, अ‍ॅस्ट्रोपाय या सगळ्या वैज्ञानिक लायब्ररींची पानं त्यावरच बनतात. गणिती सूत्रं नीट दिसतात, आणि दुसऱ्या लायब्ररीच्या पानांशी दुवे आपोआप जुळतात. तुमच्या कोडचा गाभा सी प्लस प्लसमध्ये आणि वरचा थर पायथनमध्ये असेल तर डॉक्सिजनचं एक्सएमएल 'ब्रीद' या एक्स्टेन्शनमधून (जोडभागातून) स्फिंक्सला देता येतं.

तीन-चार फाईलींचाच पसारा असेल तर 'पीडॉक' पुरे. त्याला जवळजवळ काहीच सेटिंग लागत नाही. पण कोड दुसऱ्या कुणाच्या हातात जाणार असेल तर आजच स्फिंक्सवर या.

आधी कोड 'इम्पोर्ट' करण्याजोगा करा

नव्यानं सुरुवात करणारे बहुतेक जण इथंच अडकतात, म्हणून जरा थांबून सांगतो. स्फिंक्सचं 'ऑटोडॉक' (कोडमधून टिपा उचलणारं एक्स्टेन्शन) तुमची फाईल नुसती वाचत नाही, ती खरोखर इम्पोर्ट करतं. म्हणजे फाईलमध्ये फंक्शनच्या बाहेर, उघड्यावर जे काही लिहिलंय ते सगळं चालतं. माझ्या एका फाईलच्या शेवटी मॉडेल चालवण्याच्या चार ओळी तशाच राहिल्या होत्या. डॉक्युमेंटेशन बनवायला लावलं, चहा पिऊन आलो, तरी पडदा तसाच. स्फिंक्स बिचारं वीस वर्षांच्या पावसाचं सिम्युलेशन चालवत बसलं होतं.

म्हणून फायली उघडणं, आलेख काढणं, मॉडेल चालवणं हे सगळं 'मेन' नावाच्या फंक्शनमध्ये घाला आणि ते फक्त फाईल थेट चालवली तरच सुरू होईल अशी नेहमीची 'इफ नेम इज मेन' अट तळाशी लावा.

दुसरं काम फोल्डरच्या रचनेचं. मुख्य फोल्डरमध्ये 'एसआरसी', त्यात 'बाष्प', त्यात 'दाब डॉट पाय' आणि रिकामी 'इनिट' फाईल. बाहेर 'पायप्रोजेक्ट डॉट टॉमल'. त्यात पॅकेजचं नाव, आवृत्ती आणि लागणाऱ्या लायब्ररी एवढं असलं की झालं. मग आभासी पर्यावरण, म्हणजे या प्रकल्पापुरती वेगळी पायथनची जागा, बनवा: 'पायथन डॅश एम व्हेन्व्ह' आणि पुढं पर्यावरणाचं नाव. ते सुरू करा आणि 'पिप इन्स्टॉल डॅश ई', पुढे एक जागा आणि एक टिंब, अशी कमांड द्या. यानं तुमचं पॅकेज 'बदलता येण्याजोग्या' स्वरूपात बसतं. कोड बदलला की परत बसवावं लागत नाही.

इंटरनेटवरचे अनेक जुने धडे हे न करता सेटिंगच्या फाईलमध्ये 'सिस डॉट पाथ'ला (पायथन कोड कुठं शोधतं त्या यादीला) फोल्डरचा पत्ता जोडायला सांगतात. चालतं ते. पण तुमच्या संगणकावर चालणारा पत्ता पानं बनवणाऱ्या सर्व्हरवर चालेलच असं नाही, आणि मग 'नो मॉड्यूल नेम्ड बाष्प' ही ओळ बघत संध्याकाळ जाते. पॅकेज बसवून टाका, कटकट मिटते.

स्फिंक्स बसवणं

त्याच पर्यावरणात 'पिप इन्स्टॉल स्फिंक्स' करा, सोबत एखादी थीम. मूळची 'अलाबास्टर' थीम ठीक आहे, पण मोबाईलवर 'फ्यूरो' जास्त सुटसुटीत दिसते. पानं खूप आणि विभाग अनेक असतील तर 'पायडेटा स्फिंक्स थीम' घ्या, नमपायची पानं तिच्यावर आहेत.

आता मुख्य फोल्डरमधून 'स्फिंक्स डॅश क्विकस्टार्ट डॉक्स'. ते काही प्रश्न विचारतं. 'सोर्स आणि बिल्ड वेगळे ठेवू का' याला हो म्हणा, म्हणजे तुम्ही लिहिलेलं आणि यंत्रानं बनवलेलं एकमेकांत मिसळणार नाही. प्रकल्पाचं नाव, लेखक, आवृत्ती भरा. शेवटी 'डॉक्स'मध्ये 'मेक' फाईल दिसेल आणि आतल्या 'सोर्स'मध्ये दोन फाईली: 'कॉन्फ डॉट पाय' ही सेटिंगची आणि 'इंडेक्स डॉट आरएसटी' हे मुखपृष्ठ (आरएसटी म्हणजे साध्या मजकुरात खुणा घालून लिहायची, स्फिंक्सला कळणारी पद्धत). 'बिल्ड' फोल्डर लगेच 'गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे गिटनं साठवू नये अशा गोष्टींच्या यादीत, टाका. बनवलेली पानं कोडसोबत साठवली की प्रत्येक कमिटमध्ये हजारो ओळींचा कचरा दिसतो.

कॉन्फ डॉट पाय

यात 'एक्स्टेन्शन्स' नावाची रिकामी यादी असते. तिच्यात पुढची नावं घाला, प्रत्येकाच्या आधी 'स्फिंक्स डॉट एक्स्ट डॉट' लावून. 'ऑटोडॉक' कोडमधून डॉकस्ट्रिंग, म्हणजे फंक्शनच्या सुरुवातीला तीन अवतरण चिन्हांत लिहिलेली टीप, उचलतं. 'ऑटोसमरी' फंक्शनांचे तक्ते आणि प्रत्येकाचं वेगळं पान करतं. 'नेपोलियन' नमपाय किंवा गूगल पद्धतीच्या डॉकस्ट्रिंग समजून घेतं. 'व्ह्यूकोड' प्रत्येक फंक्शनशेजारी मूळ कोडचा दुवा देतं. वैज्ञानिक कोडमध्ये हा दुवा फार महत्त्वाचा आहे, कारण वाचणाऱ्याला शेवटी सूत्र कसं लिहिलंय तेच बघायचं असतं. 'डॉकटेस्ट' आणि 'इंटरस्फिंक्स'बद्दल पुढे.

'नमपायडॉक' नावाचं एक स्वतंत्र एक्स्टेन्शनही आहे, नमपाय आणि सायपाय तेच वापरतात. ते आणि नेपोलियन दोन्ही एकदम लावू नका. दोघंही एकाच डॉकस्ट्रिंगवर हात चालवतात आणि पान विचित्र दिसतं.

इंटरस्फिंक्सला एक शब्दकोश लागतो: 'पायथन' आणि 'नमपाय' या नावांपुढं त्यांच्या डॉक्युमेंटेशनचे पत्ते. मग तुम्ही 'नमपाय अ‍ॅरे' असा उल्लेख केलात की तो शब्द थेट नमपायच्या पानाशी जोडला जातो. त्यासाठी बिल्डच्या, म्हणजे पानं बनवण्याच्या, वेळी इंटरनेट लागतं.

आणखी एक सेटिंग मी न चुकता लावतो: 'ऑटोडॉक प्रिझर्व्ह डिफॉल्ट्स' ट्रू. ती नसेल तर फंक्शनच्या पॅरामीटरांना दिलेल्या डिफॉल्ट किमती स्फिंक्स हिशेब करून छापतं. एकाच्या कोडमध्ये डेटाचा पत्ता होम फोल्डरवरून ठरत होता. प्रसिद्ध झालेल्या पानावर त्याच्या संगणकावरचं युजरनेम आणि अख्खा पत्ता झळकत होता.

डॉकस्ट्रिंग: खरं काम इथं आहे

इथवरचं सगळं तासाभरात होतं. यंत्र पानं सजवून देईल, पण तापमान कुठल्या एककात आहे ते त्याला कळणार नाही. ईसॅटमागचं सूत्र डेव्हिड बोल्टन यांच्या १९८० च्या शोधनिबंधातलं आहे:

संपृक्त बाष्पदाब = ६.११२ × एक्स्प [ १७.६७ त ÷ (त + २४३.५) ]

'त' सेल्सिअसमध्ये, उत्तर हेक्टोपास्कलमध्ये. कोडमध्ये ही जेमतेम एक ओळ. तिच्यासाठी मी लिहिलेली डॉकस्ट्रिंग अशी (विभागांची शीर्षकं मात्र इंग्रजीच ठेवावी लागतात, नेपोलियन तीच ओळखतं):

    हवेच्या तापमानावरून संपृक्त बाष्पदाब काढतं.

    पॅरामीटर्स
    ----------
    टेम्प : फ्लोट किंवा नमपाय अ‍ॅरे
        हवेचं तापमान, अंश सेल्सिअस. केल्विन देऊ नये.

    रिटर्न्स
    --------
    फ्लोट किंवा नमपाय अ‍ॅरे
        संपृक्त बाष्पदाब, हेक्टोपास्कल.

    नोट्स
    -----
    बोल्टन (१९८०) यांचं सूत्र. पाण्याच्या पृष्ठभागावरचा दाब, बर्फावरचा नाही.
    सूत्र उणे ३० ते ३५ अंशांसाठी बसवलेलं आहे.

    एक्झाम्पल्स
    -----------
    >>> फ्रॉम बाष्प.दाब इम्पोर्ट ईसॅट
    >>> प्रिंट(राउंड(ईसॅट(३०.०), २))
    ४२.४६

यातली सगळ्यात मोलाची ओळ 'नोट्स'मधली शेवटची. मे महिन्यात चंद्रपूर-नागपूरकडे पारा ४५ च्या पुढे जातो. ईसॅटला ४५ दिले तरी ते निमूटपणे आकडा देतं. पण तो आकडा सूत्राच्या ठरलेल्या पल्ल्याबाहेरचा आहे हे कोड बघून कुणालाही कळणार नाही. म्हणून फंक्शन 'काय करतं' हे एका ओळीत उरका आणि उरलेली शाई एककं, पल्ला, गृहीतकं आणि सूत्राचा उगम यांवर खर्च करा. 'टेम्प: तापमान' अशी डॉकस्ट्रिंग लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी. ती असली की पान भरलेलं दिसतं आणि रिकामी जागा कुणाच्या नजरेस पडत नाही.

मराठीत डॉकस्ट्रिंग लिहाव्यात का? एचटीएमएलमध्ये काहीच अडचण येत नाही. पीडीएफ लाटेक या छपाईच्या प्रणालीतून बनते, ती हवी असेल तर 'लाटेक इंजिन' हे सेटिंग 'झीलाटेक' करून देवनागरी फाँट नेमून द्यावा लागतो. मूळच्या 'पीडीएफलाटेक'ला देवनागरी झेपत नाही. वाचणारा गट पाहून ठरवा. माझ्या मते सार्वजनिक पॅकेज इंग्रजीत, आणि प्रयोगशाळेतल्या अंतर्गत स्क्रिप्ट ज्या भाषेत आपण एकमेकांना समजावतो तिच्यात.

उलट्या तिरप्या रेघेचा सापळा

डॉकस्ट्रिंगमध्ये सूत्र लाटेकच्या खुणांत लिहिता येतं, आणि मॅथजॅक्स ही सूत्रं दाखवणारी लायब्ररी ते ब्राउझरमध्ये सुंदर दाखवते. पण लाटेकमधली प्रत्येक आज्ञा उलट्या तिरप्या रेघेनं सुरू होते आणि पायथनच्या साध्या स्ट्रिंगमध्ये त्या रेघेला वेगळा अर्थ आहे. रेघ आणि 'टी' म्हणजे टॅब. त्यामुळे थीटा आणि टाऊ या ग्रीक अक्षरांच्या जागी मोकळी जागा आणि उरलेली अक्षरं येतात. रेघ आणि 'एन' म्हणजे नवी ओळ, न्यू गेला. रेघ आणि 'एफ' मुळे अपूर्णांकाची आज्ञा मोडते, 'बी' मुळे बीटा, 'आर' मुळे ऱ्हो. गंमत अशी की सिग्मा आणि लॅम्डा बहुधा वाचतात, त्यामुळे 'काही सूत्रं दिसतात, काही दिसत नाहीत' असा गूढ आजार तयार होतो. उपाय एका अक्षराचा: डॉकस्ट्रिंगच्या सुरुवातीच्या तीन अवतरण चिन्हांच्या आधी 'आर' लिहा. ती 'रॉ' स्ट्रिंग होते आणि रेघा जशाच्या तशा राहतात.

मॅथजॅक्स एरवी इंटरनेटवरून लोड होतं. तुमचे वाचक जिथं इंटरनेटच नाही अशा क्लस्टरवर पानं उघडणार असतील तर सूत्रांऐवजी लाटेकच्या कच्च्या ओळी दिसतील. तिथं मॅथजॅक्सची प्रत जवळ ठेवून 'मॅथजॅक्स पाथ' तिकडे वळवा, किंवा 'आयएमजीमॅथ' वापरून सूत्रांची चित्रंच करून घ्या.

पानं जोडणं आणि पहिलं बिल्ड

'इंडेक्स डॉट आरएसटी'मध्ये 'टॉकट्री' नावाचा भाग असतो, ती अनुक्रमणिका. तिच्यात दोन नावं लिहा: 'सुरुवात' आणि 'एपीआय' (बाहेरच्यांनी वापरायच्या फंक्शनांची यादी), आणि त्या नावांच्या दोन आरएसटी फाईली बनवा. 'एपीआय'मध्ये 'ऑटोसमरी'चा आदेश द्या, त्याला 'टॉकट्री' आणि 'रिकर्सिव्ह' हे दोन पर्याय लावा आणि खाली फक्त 'बाष्प' लिहा. आतली सगळी मॉड्यूल आणि फंक्शनं ते स्वतः शोधतं. 'सुरुवात' मात्र हातानंच लिहायची: पॅकेज कसं बसवायचं, दहा ओळींचं एक चालणारं उदाहरण, बस्स. फक्त एपीआयची यादी देणारं डॉक्युमेंटेशन म्हणजे शब्दकोश देऊन भाषा शिक म्हणण्यासारखं आहे.

'डॉक्स' फोल्डरमध्ये 'मेक एचटीएमएल' द्या आणि 'बिल्ड'मधल्या 'एचटीएमएल'मधली 'इंडेक्स' फाईल ब्राउझरमध्ये उघडा.

पहिल्या वेळी इशाऱ्यांचा पाऊस पडतो. नेहमीचे तीन सांगतो. 'टायटल अंडरलाइन टू शॉर्ट' म्हणजे शीर्षकाखालची रेघ शीर्षकापेक्षा आखूड पडली. 'डॉक्युमेंट इझन्ट इन्क्लूडेड इन एनी टॉकट्री' म्हणजे पान आहे, पण अनुक्रमणिकेत नाही. 'अनएक्स्पेक्टेड इंडेंटेशन' म्हणजे आत सरकवलेल्या यादीच्या किंवा मजकुराच्या आधी एक ओळ रिकामी सोडायची राहिली.

सर्व्हरवर जड लायब्ररी बसत नसतील, उदाहरणार्थ एमपीआय किंवा नेटसीडीएफ, तर 'ऑटोडॉक मॉक इम्पोर्ट्स' या यादीत त्यांची नावं टाका. स्फिंक्स त्यांच्या जागी तोतये उभे करतं आणि इम्पोर्ट पार पडतो. पण उदाहरणं चालवून बघायची असतील तर खरी लायब्ररी लागतेच.

बिल्ड मोडू द्या

आता या सगळ्या मांडणीतला माझा सर्वांत आवडता भाग. 'मेक डॉकटेस्ट' दिलं की डॉकस्ट्रिंगमधली तीन बाणांची उदाहरणं खरोखर चालतात आणि उत्तर जुळलं नाही तर बिल्ड नापास होतं. उद्या कुणी सूत्रातलं २४३.५ चुकून २३४.५ केलं तर ४२.४६ येणार नाही आणि ते त्याच दिवशी कळेल.

इथंही एक खाच आहे. नमपाय २.० पासून एकटा आकडा टर्मिनलवर नुसता दिसत नाही, त्याच्याभोवती 'एनपी डॉट फ्लोट ६४' असं वेष्टण दिसतं. त्यामुळे २०२४ मध्ये अनेकांच्या जुन्या डॉकटेस्ट एका रात्रीत नापास झाल्या. वरच्या उदाहरणात मी 'प्रिंट' आणि 'राउंड' वापरलंय ते याचसाठी. छापलेला आकडा दोन्ही आवृत्त्यांत सारखाच येतो.

याच्या जोडीला 'स्फिंक्स बिल्ड'ला डॅश आणि मोठा 'डब्ल्यू' हा पर्याय द्या. मग प्रत्येक इशारा चूक म्हणून मोजला जातो. डॅश आणि लहान 'एन' लावलं तर तुटलेले अंतर्गत दुवेही पकडले जातात. हे पहिल्या दिवशी लावू नका, हात टेकाल. आधी इशारे शून्यावर आणा, मग लावा. इंटरस्फिंक्सला बाहेरचा सर्व्हर मिळाला नाही तर तोही इशाराच मोजला जातो, त्यामुळे क्वचित तुमची काहीही चूक नसताना बिल्ड पडेल, पुन्हा चालवा.

प्रसिद्ध करणं

गिटहबवर कोड असेल तर दोन सरळ वाटा आहेत. 'रीड द डॉक्स'वर प्रकल्प जोडा आणि मुख्य फोल्डरमध्ये 'डॉट रीडदडॉक्स डॉट यामल' ठेवा. त्यात पायथनची आवृत्ती, 'कॉन्फ' फाईलचा पत्ता आणि तुमचं पॅकेज बसवण्याची सूचना द्यायची. सार्वजनिक मुक्त प्रकल्पांसाठी ही सेवा फुकट आहे. किंवा गिटहब अ‍ॅक्शन्समधून बिल्ड करून गिटहब पेजेसवर टाका. दुसरी वाट घेतलीत तर 'गिटहबपेजेस' हे स्फिंक्सचं एक्स्टेन्शन आठवणीनं लावा. नाहीतर तिथलं जेकिल हे पानं बनवणारं साधन अंडरस्कोअरनं सुरू होणारी फोल्डरं गाळू शकतं, 'स्टॅटिक' फोल्डर त्यातच मोडतं, आणि पानं रंगरूप हरवून येतात.

कुठलीही वाट घ्या, पण प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोडमध्ये बदल घेण्याच्या विनंतीवर) बिल्ड आणि डॉकटेस्ट चालेल अशी व्यवस्था करा. आणि शोधनिबंध पाठवाल तेव्हा त्या दिवशीच्या कोडला गिटमध्ये टॅग, म्हणजे नावाची खूण, लावा. रीड द डॉक्सवर त्या टॅगची आवृत्ती चालू केली की तिची पानं वेगळी राहतात; दोन वर्षांनी कोड बदलला तरी निबंधातले आकडे कोणत्या सूत्रानं आले ते तिथं दिसतं.

राहिला 'कव्हरेज'. हे एक्स्टेन्शन यादीत घालून 'मेक कव्हरेज' दिलंत की डॉकस्ट्रिंग नसलेल्या फंक्शनांची नावं एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मिळतात. पहिल्यांदा ती यादी लांबलचक असेल. सगळी भरत बसू नका. आधी ती घ्या ज्यांना बाहेरचा माणूस थेट हाक मारतो, त्यातही ज्यांच्या आत किंवा बाहेर एकक असलेला आकडा जातो. माझ्या त्या वारशाच्या फोल्डरमध्ये अशी अकरा निघाली. दोन दुपारी लागल्या, आणि त्यातल्या तिघांचं एकक विचारायला जुन्या विद्यार्थ्याला फोन करावा लागला.